कुंपणाखालचं पाणी

आमच्या इमारतीच्या फाटकाशी रोज सकाळी एक बाई भाजी घेऊन बसायच्या. जवळच्याच उमेळे गावाहून यायच्या. टोपलीत अळू, लाल माठ, एखादं केळफूल, आणि वर ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं. वय साठीच्या पुढचं, बोलणं कमी. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणायची, मीही म्हणायचे. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मी लग्न होऊन सांगलीकडून वसईला आले होते आणि इथल्याच एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते.

एका सकाळी मावशींनी भाजीबरोबर सरबताची जुनी बाटली माझ्या हातात दिली. बाटलीत पाणी होतं.

"बाई, तुम्ही कालेजात पानी तपासता ना? हे जरा बघा."

"कुठलं आहे?"

"आमच्या बावीचं. चहा नासतो. डाळ शिजत नाय. पानवेलीची पानं कडेनं करपतात."

त्यांच्या बोलीत बाव म्हणजे विहीर. मी बाटली कॉलेजात नेली. पाण्यातलं मीठ मोजायची रीत अकरावी-बारावीच्या मुलांना येते तेवढीच सोपी असते. पाण्यात थोडा पिवळा क्रोमेट घालायचा आणि वरून काचेच्या लांब नळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. मीठ जितकं जास्त तितके थेंब जास्त, आणि शेवटी एका थेंबाला पिवळा रंग विटकरी होतो. कॉलेजच्या नळाच्या पाण्याला हे लगेच होई. मावशींच्या पाण्याला ती नळी सगळी रिकामी झाली, पुन्हा भरावी लागली, तेव्हा कुठे रंग फिरला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं की पाण्यात समुद्राचं मीठ आहे, बरंच आहे.

"ते जिभेला कळतं," त्या म्हणाल्या. "मला माझ्या दिराला सांगायचं हाय. बावखल बुजवलंन म्हनून पानी खारं झालं. माझं तो ऐकत नाय. शिकलेल्या मानसानं मोजून सांगितलं तर ऐकंल."

बावखल हा शब्द मला तोवर माहीत नव्हता. रविवारी मी त्यांच्या वाडीत गेले तेव्हा तो कळला, पण बावखल स्वतः बघायला मिळालं नाही. वाडीच्या मधोमध खणलेलं ते एक मोठं तळं असायचं. आजूबाजूच्या वाड्यांचं पावसाचं पाणी त्यात उतरायचं, महिनोन्‌महिने मुरत राहायचं, आणि शेजारच्या विहिरी गोड ठेवायचं. मावशींचे सासरे गेल्यावर दोन भावांत वाटण्या झाल्या आणि बावखल धाकट्याच्या हिश्शाला गेलं. त्याने ते डबर टाकून बुजवलं आणि जागा बिल्डरला दिली. आता तिथे चार मजल्यांची इमारत उभी होती, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. मावशींच्या नवऱ्याने भावाशी कडाक्याचं भांडण केलं, मधे तारेचं कुंपण घातलं, आणि त्याच वर्षी काविळीने ते गेले. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. मावशींना मूलबाळ नव्हतं. कौलारू घर, थोडी केळी, पानवेलीचा मांडव आणि विहीर, एवढ्यात त्या एकट्या राहत.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहायचे. राज्यभर विहिरी मोजण्यात त्यांची सगळी सरकारी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर वसई स्वस्त म्हणून इथे फ्लॅट घेतला, आणि वर्षभरात काकू गेल्या. फारसे कोणाकडे जात नसत. मी त्यांना मावशींची हकिगत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बावखल असताना पाणी कसं होतं, ते कोणी मोजलंय का?"

"नाही."

"मग झालं तर. दिराला सांगायला तुझ्याकडे काही नाही. बावखलामुळे असेल, पंपांनी उपसल्यामुळे असेल, पाऊस कमी झाल्यामुळे असेल. मागचं आता सिद्ध होणार नाही."

माझा चेहरा पडलेला दिसला असावा. थोड्या वेळाने ते स्वतःहूनच म्हणाले, "पुढचं मात्र मोजता येईल. जमिनीत पाणी परत घालून बघू या."

त्यांची योजना साधी होती. बावखलावर उभ्या असलेल्या इमारतीच्या गच्चीचं पाणी पावसाळ्यात पाइपांमधून धो धो खाली येऊन तळमजल्यावर साचायचं. ते कुंपणाच्या तारेखालून मावशींच्या वाडीत घ्यायचं, दगड, खडी आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळायचं आणि विहिरीत सोडायचं. इमारतीचे सेक्रेटरी एका बैठकीत तयार झाले, कारण त्यांना तळमजल्यावर पाणी साचायची कटकट संपायला हवी होती. मावशींना मात्र ते पटायला वेळ लागला. जिच्यामुळे बावखल गेलं त्या इमारतीचं पाणी आपल्या विहिरीत घ्यायचं म्हणजे काय, असं त्यांच्या मनात होतं. खड्डा खणला जात होता तेव्हा त्या तिकडे फिरकल्या नाहीत.

खरी अडचण काकांनी नंतर काढली.

"दुसरी एक विहीर लागेल," ते म्हणाले. "पावसाळ्यात सगळ्यांच्याच विहिरी भरतात. हिची भरली तर त्यात आपलं काय आणि पावसाचं काय, कसं सांगणार? जवळची विहीर हवी, तशाच जमिनीतली, आणि तिच्यात कोणी पाणी घालत नसेल अशी."

जवळची विहीर एकच होती. दिराची, कुंपणापलीकडची.

मावशींना सांगून मी त्यांच्या दिरांकडे गेले. पडवीत खुर्चीवर बसून होते. दम्याने खंगलेला माणूस, बोलताना मधे थांबायचा. त्यांच्या दोन मुलांचा पाण्याच्या टँकरचा धंदा होता. आधी टँकर घरच्याच विहिरीवर भरायचे, पण ती खारी झाल्यावर मुलं दुसरीकडून पाणी आणायला लागली होती. मी काय करणार आहे ते ऐकून ते म्हणाले, "मोजा. आता मोजन्यासारखं काय राहिलंय तिच्यात."

त्या वर्षापासून माझे रविवार उमेळ्याला जायला लागले. विहिरीच्या काठावर एका दगडाला लाल रंगाचा ठिपका दिलेला होता, दर वेळी तिथूनच मोजायचं. पोलादी टेपच्या खालच्या टोकाला खडू घासायचा आणि टेप आत सोडायची. वर ओढली की जिथपर्यंत खडू भिजलेला, तिथपर्यंत पाणी. मग दोरीला बांधलेली वजनदार बाटली सोडायची. तिचं बूच दुसऱ्या दोरीने खेचून काढता यायचं, म्हणजे हवं त्या खोलीवरचं पाणी मिळे. एक बाटली वरच्या थरातली, एक तळातली. काका म्हणायचे, समुद्राजवळच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरून हातभर उपसलं की खालचं खारं कितीतरी हात वर चढतं. म्हणून तळाचं पाणी आधी खरं बोलतं.

मावशींकडचं मोजून झालं की मी वळसा घालून दिरांकडे जायची. तिथून निघताना ते दर वेळी विचारायचे. पहिल्यांदा मला नीट कळलंच नाही.

"वयनीची कशी हाय?"

"विहीर?"

"तीच," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

मावशी असं सरळ विचारत नसत. "तिकडं पन मोजलंत?" एवढंच म्हणायच्या आणि उत्तराची वाट बघत केळीची वाळकी पानं काढत राहायच्या.

पहिला पावसाळा गेला. दिवाळीत दोन्ही विहिरी सारख्याच गोड होत्या. संक्रांतीच्या सुमाराला दिरांच्या विहिरीला जास्त थेंब लागू लागले, मावशींच्या विहिरीला नाही. होळी आली तरी तिचं पाणी पिण्यासारखं होतं. त्या रविवारी मावशींनी दुधाचा चहा केला. तो नासला नाही. कप माझ्यापुढे ठेवून त्या समोर उभ्या राहिल्या आणि मी पिऊन संपवेपर्यंत हलल्या नाहीत. पानवेलीला नवी, कोवळी पानं फुटली होती.

काका मात्र समाधानी नव्हते. गच्चीवर पडलेला पाऊस त्यांनी मोजला होता, पाइपातून विहिरीत किती उतरलं त्याचा हिशेब बांधला होता, आणि विहीर त्या मानाने फार थोडी वाढलेली होती.

"बाकीचं पाणी गेलं कुठे?" मी विचारलं.

"तेच शोधायचंय. विहीर म्हणजे हंडा नव्हे. घातलेलं तिच्यात थांबत नाही, आजूबाजूला पसरतं. आता पुढच्या वर्षी पलीकडची नीट बघ. विशेषतः तळाचं पाणी."

दुसऱ्या वर्षी ते दिसलं. संक्रांत उलटून गेली तरी दिरांच्या विहिरीचं तळाचं पाणी आदल्या वर्षीइतकं खारट झालं नव्हतं. पुढच्या महिन्यात तर फरक एवढा होता की मी दोनदा तपासून पाहिलं. काकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून उठले आणि खोलीत इकडून तिकडे चालू लागले. त्यांना इतकं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही.

"पोचलं," ते म्हणाले. "कुंपणाखालून पोचलं. तुलनेची विहीर आपल्या हातून गेली, पण पोचलं."

त्या रविवारी ते स्वतः माझ्याबरोबर उमेळ्याला आले, मावशींना समजावून सांगायला. मावशी ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजे माझ्या बावीतलं पानी त्याच्या बावीत जातं."

"जमिनीला कुंपण कळत नाही, मावशी," काका म्हणाले.

"मग बंद करा तो पाइप."

मावशी उठून मांडवात गेल्या. बराच वेळ त्या तिथे पानं खुडत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात विड्याच्या पानांचा पुडा होता, केळीच्या सोपटाने बांधलेला. तो माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "तिकडं जातच हायसा, तर हे द्या. आधी तो आमचीच पानं खायचा."

मी पुडा नेऊन दिरांना दिला. त्यांनी तो सोडला, एक पान उचलून बोटांनी पुसलं, मग पुन्हा पुड्यात ठेवलं. "दम्यानं पान सोडलंय मी," ते म्हणाले. "तिला सांगू नका."

मी मावशींना सांगितलं की त्यांनी घेतली.

त्याच वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. नेहमीप्रमाणे गेले तर दिरांच्या विहिरीपाशी टँकर उभा होता. डिझेलचा पंप थडथडत होता आणि जाड काळा पाइप विहिरीत सोडलेला. ड्रायव्हरने ओंजळीत पाणी घेऊन तोंडात खुळखुळवलं, बाजूला थुंकलं आणि हिंदीत ओरडून सांगितलं की गोड आहे, भरा. मुलांनी पाण्याची चव आपली आपणच घेतली होती. घरची विहीर पुन्हा गोड झाली म्हटल्यावर लांबून पाणी आणायची त्यांना गरज नव्हती.

मी टेप सोडली. खडू भिजेना, म्हणून आणखी सोडली. मग मावशींकडे गेले. त्यांची विहीरही तेवढीच खाली गेली होती, आणि त्या काठावर उभ्या राहून आत बघत होत्या. त्यांना मी काही सांगायची गरज पडली नाही.

त्या कुंपणाच्या बाजूने रस्त्यापर्यंत चालत गेल्या आणि वळून दिरांच्या अंगणात शिरल्या. मी मागे होते. नवरा गेल्यावर त्या अंगणात त्यांचं हे पहिलंच पाऊल होतं.

दीर उठायला लागले. मावशी म्हणाल्या, "बस तू. पंप बंद करायला सांग."

"सांगितलं मी, वयनी. काल पन सांगितलं."

"मग?"

"पोरं नाय ऐकत. म्हनतात, पानी काय कपाटात ठेवायचं हाय?"

थोरला मुलगा तिथेच होता. तो उद्धट नव्हता, खरं तर वाकून नमस्कारच केला त्याने मावशींना. म्हणाला, "काकी, आमच्या बावीतनं काढतो. तुमच्याकडे हात लावलाय का?"

"दोन्ही एकच हायत. या बाईंनी मोजलंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई तर स्टेशनजवळ राहतात ना? टँकर कुठं जातो विचारा त्यांना. त्यांच्याच बिल्डिंगला. नाय नेला तर उद्या तीच मानसं ओरडतील."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आमच्याकडे टँकर येतो. कुठून येतो ते मला माहीत नव्हतं." हे खरं होतं, आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. पंपाचा आवाज एवढा होता की दिरांनी पुढे काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. मग मावशी परत निघाल्या.

संध्याकाळी टँकर आमच्या फाटकाशी आला. बायका हंडे-बादल्या घेऊन जिन्यात उभ्या होत्या, खालच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आल्यावर सगळ्यांचे चेहरे सैल झाले. माझाही झाला असेल. नंतर सोसायटीच्या बैठकीत मी विषय काढला की त्या विहिरीचं पाणी घेऊ नका, थोड्या दिवसांत ते खारं होईल आणि मग ना आपल्याला ना त्यांना. काकांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, वर गोडं, खाली खारं. लोक सभ्यपणे ऐकत होते. एकाने विचारलं, "मग उद्या सकाळी पाणी कुठून आणायचं?" टँकर येत राहिला. ते पाणी आम्हीही प्यायलो. काका अर्ध्या बादलीत अंघोळ करत, पण पाणी तेच असे.

मे महिन्यात दोन्ही विहिरींच्या पाण्याला ती काचेची नळी पुन्हा दोनदा भरावी लागली. तळाचंच नाही, वरचंही पाणी खारं झालं होतं. मग विहिरीवर टँकर आपोआप यायचा थांबला. पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा पाइप जोडला, वाळू धुऊन घेतली. विहिरी भरल्या, दिवाळीत गोड झाल्या, आणि पाणी गोड आहे म्हटल्यावर दिवाळी संपताच पंप आला. मावशींची विहीर त्या वर्षी संक्रांतीलाच बिघडली. गच्चीचं पाणी घातलं नसतं तर निदान टँकर तरी आला नसता, असं एकदा माझ्या मनात येऊन गेलं. काकांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "मोजून बघायला आता तिसरी विहीर कुठून आणणार?" आणि मग, "मलाही तसंच वाटतं."

पानवेल आधी गेली. मावशींनी मांडवाचे बांबू उतरवले आणि जळणाला वापरले. टोपलीत आता अळू आणि केळफूल तेवढं असे. दीर एका श्रावणात दम्याने गेले. मावशी बाराव्यापर्यंत त्या घरी स्वयंपाकाला होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या सुनांबरोबर खाली बसून नारळ खवत होत्या. त्या घरातलीच वाटावी अशी बसलेली बाई. मला म्हणाल्या, "तुम्ही नेलेली पानं त्याच्या खाटंखाली सापडली, पुड्यासकट वाळलेली. खाल्ली नव्हतीच त्यानं." त्या रागावल्या नव्हत्या.

काका पुढे मुलीकडे पुण्याला राहायला गेले. फोन करायचे, तब्येतीचं बोलणं झालं की विहिरींचं विचारायचे. मी आकडे सांगायची. काही वर्षांनी ते विचारायचे थांबले, आणि मग फोनही थांबले. रविवारचं माझं जाणंही विरळ झालं. मुलाची शाळा, सासूबाईंचं आजारपण, अशी कारणं होती. शिवाय मोजण्यात काही अर्थ उरला नव्हता. पंप चालू असलेल्या विहिरीत आपण जमिनीला दिलेलं मोजतोय की कोणी नेलेलं, हे सांगता येत नाही.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी लांबच्या धरणाचं पाणी नळाने आमच्या रस्त्यापर्यंत आलं, मग उमेळ्यालाही. टँकर कमी झाले. मावशींचे गुडघे गेले होते, त्या फाटकाशी यायच्या बंद झाल्या होत्या. मी बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडे गेले. विहिरीवर लोखंडी जाळी टाकली होती. गाळायच्या खड्ड्यात गवत वाढलेलं, पाइप मधेच तुटून पडलेला. पंप बंद होऊन बरेच महिने झाले होते, म्हणून मी जाळीच्या फटीतून बाटली सोडून तळाचं पाणी घेतलं आणि कॉलेजात नेऊन पाहिलं. खारंच होतं, थोडं कमी.

पुढच्या वेळी गेले तेव्हा मावशींना तसं सांगितलं.

"कधी गोडं होईल?"

काकांनी मला एकदा सांगितलं होतं की आत आलेला समुद्र आला तेवढ्या लवकर परत जात नाही. कोणी उपसलं नाही, पाऊस नीट झाला आणि पाणी मुरायला जागा राहिली तर कित्येक वर्षं लागतील. मी मावशींना ते जसंच्या तसं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "मग माझ्या हयातीत नाय," त्या म्हणाल्या. तेवढ्यात मागच्या दारी नळाचा खळखळाट सुरू झाला. पाणी अर्धाच तास असायचं. त्या भिंतीला धरून उठल्या, आणि मी त्यांच्यासाठी हंडा नळाखाली सरकवला.